थकलेला कॉम्प्युटर

आमचा जुना कॉम्प्युटर हल्ली पहिल्या झटक्यात सुरू होत नाही. पंखा घरघरतो, पडदा मात्र काळाच राहतो. मग माझे यजमान टेबलाखाली बसतात, डबा उघडतात, आतली रॅम काढून खोडरबराने हलकेच पुसतात आणि पुन्हा बसवतात. "थकलाय बिचारा, घाई करून चालत नाही," असं मलाच समजावतात.

काल सकाळी माझे गुडघे धरले. पलंगावरून उठवेना, म्हणून मी यांना हाक मारली.

"तुझं रोजचंच आहे," हे टेबलाखालूनच म्हणाले.

मी भिंतीला धरून कशीबशी उठले. तेवढ्यात कॉम्प्युटर सुरू झाला. "बघ, झाला की नाही!" हे हरखून म्हणाले.

या माणसाजवळ इतका धीर आहे, हे मला संसाराच्या या टोकाला कळलं. नुसतं कळलंच, वाट्याला काही आला नाही.