वहीत न लिहिलेली वाटी

पौष शुद्ध तृतीया, दुसऱ्या मोठ्या लढाईचं चौथं वर्ष. त्या रात्री घरात हजर असलेली माणसं: मामंजी, सासूबाई, हे, लहान वयात नवरा गेल्यावर माहेरी परत आलेल्या माझ्या वन्सं, मी, आणि सव्वादोन वर्षांची माझी मुलगी. गोठ्यात सालगडी. पाहुणा कोणी नव्हता, शेजारून काही खायला आलं नव्हतं. हे सगळं मी दुसऱ्या दिवशी सकाळी वहीत लिहून ठेवलं, म्हणून आज इतक्या वर्षांनीही नेमकं सांगता येतं.

त्या दिवशी शेतात हुरडा होता. मुलगी वन्संच्या मांडीवर बसून खात होती. वन्सं कणसं भाजायच्या, हातावर चोळायच्या, फुंकर मारून दाणे तिच्या तोंडात घालायच्या, वर गुळाचा खडा. घरी येईपर्यंत ती गाडीतच झोपली. रात्री अंथरुणात एकदम उठून बसली, खोकली आणि भडाभडा ओकली. सगळा हुरडा जसाच्या तसा. मग पाणी मागितलं आणि पुन्हा झोपून गेली. सकाळी वासरामागं पळत होती.

दुसऱ्या कोणा आईनं ते तिथंच विसरून टाकलं असतं. मला ते जमणारं नव्हतं. हिच्या आधीचा मुलगा, सव्वा वर्षाचा, असाच एका रात्री ओकायला लागला होता आणि उजाडेपर्यंत हाती राहिला नव्हता. त्यामुळे मुलीच्या जन्मापासून मी तिचं खाणं, पिणं, झोप, शौच सगळं वहीत लिहीत असे. वडिलांनी मला घरीच अक्षरं शिकवली होती. त्या अक्षरांचा मला रोजच्या रोज जो उपयोग झाला तो एवढाच.

सासूबाईंनी औषध सांगितलं: लिंबाचा रस, त्यात सुंठ उगाळून, जिऱ्याची पूड, खडीसाखर. रोज दिवेलागणीला जेवण झालं की दोन चमचे पाजायचं. पंधरा दिवस. पोट बसतं. घरात अंगणातलंच लिंबू होतं, मला अडचण काहीच नव्हती.

माझी सवय अशी, की संध्याकाळचं काम सकाळी उरकता येत असेल तर सकाळीच उरकायचं. चतुर्थीला सकाळी दूध तापवून झालं की मी लिंबू पिळलं, सुंठ उगाळली, मुलीच्या पितळेच्या छोट्या वाटीत सगळं कालवलं आणि झाकण घालून फळीवर ठेवलं. संध्याकाळी वाटी खाली काढायची आणि पाजायचं, एवढंच उरलं. मला स्वतःचं कौतुकही वाटलं.

चतुर्थीच्या रात्री ती पुन्हा ओकली. झोपून तासभर झाला नसेल. या वेळी हुरडा नव्हता, वरणभात होता. पंचमीला ओकली. षष्ठीलाही. दिवसभर मात्र ताप नाही, जुलाब नाही, डोळे टवटवीत. लढाईमुळे घासलेट मोजकं मिळायचं. मी बाकीच्यांना लवकर झोपायला लावून चिमणीतलं तेल वाचवायची आणि ती तेवत ठेवून मुलीच्या तोंडाकडे बघत बसायची.

घरात ज्याचं त्याचं निदान होतं. मामंजींच्या मते जंत. ह्यांच्या मते दाढा येत होत्या. सासूबाईंना दृष्टीचा संशय होता. सालगडी म्हणाला, थंडीचा कफ पोटात जातो, लेकरू तो बाहेर फेकतं, वासराचंबी असंच असतंय. मी कोणाचंच खरं धरलं नाही, वही उघडली. चार रात्री. चारही दिवशी तिला कोणी भरवलं? वन्संनी. मी त्या चार ओळींपुढे एकेक खूण केली आणि खाली लिहिलं: वन्संच्या हातून खाऊ देऊ नये.

त्या मागीलदारी तांदूळ निवडत होत्या. मी म्हटलं, "आजपासून तिला मीच भरवीन."

त्यांनी वर पाहिलं नाही. "बरं," म्हणाल्या. मग एक खडा बाजूला टाकून म्हणाल्या, "माझ्यापाशी झोपली तर चालंल, का तेबी नको?"

मी म्हटलं, "सध्या माझ्यापाशीच राहू द्या."

मुलगी जन्मल्यापासून रात्री त्यांच्या कुशीत झोपत असे. त्या रात्री तिनं रडून घर डोक्यावर घेतलं. सप्तमीला मी भरवलं, मी पाजलं, मी निजवलं. ती ओकली. तरी मी वहीतली ती ओळ खोडली नाही. वाटलं, आधीचंच काही पोटात राहिलं असेल.

औषध तिला आवडत नव्हतं. वाटी दिसली की तोंड फिरवायची. मी तिचं नाक धरायची, तोंड उघडलं की चमचा आत. अष्टमीला तिनं हात मारून वाटीच उपडी केली, सगळं जमिनीवर. त्याच संध्याकाळी सासूबाईंनी मीठमोहऱ्या ओवाळून चुलीत टाकल्या होत्या. त्या रात्री मुलगी ओकली नाही. मी वहीत लिहिलं: आज बरी. दृष्ट काढली. वाटी सांडल्याचं लिहिलं नाही. औषध मी लिहीतच नव्हते. वहीत खाण्यापिण्याचा रकाना होता आणि औषध माझ्या लेखी खाण्यात येत नव्हतं.

नवमीला पुन्हा दृष्ट काढली आणि मुलगी पुन्हा ओकली.

दशमीला मी बाजूला बसले. आमच्याकडे ते तीन दिवस फार कडक. स्वयंपाकघराकडे फिरकायचं नाही, मुलाला शिवायचं नाही, ओसरीच्या कोपऱ्यात घोंगडीवर बसायचं. लेकरू वन्संकडे गेलं, दुसरा इलाजच नव्हता. मी लांबून सूचना देत राहिले. भात किती, पाणी किती, औषध सकाळीच करून ठेवा. वन्संना घरातलं सगळं एकटीनं करायचं होतं. संध्याकाळी मी विचारलं, औषध केलं का. त्या म्हणाल्या, "सकाळी राहूनच गेलं, वहिनी. आत्ता पिळायले." मला राग आला. इतकं साधं काम वेळेवर होत नाही. तीनही दिवस त्यांनी औषध तसंच, ऐनवेळी पिळून दिलं.

तीनही रात्री मुलगी गाढ झोपली. ओसरीवर मला झोप नव्हती. कान आत लागलेले. ओकारी ऐकू येत नव्हती, वन्संचं हळू आवाजातलं गाणं तेवढं ऐकू येत होतं.

त्रयोदशीला न्हाऊन मी घरात आले, पहिलं काम म्हणून लिंबू पिळून ठेवलं. रात्री मुलगी ओकली, इतकी की शेवटी नुसतं हिरवं पाणी. सासूबाई उठून आल्या, तिचं तोंड पुसलं आणि माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "तिच्या हातानं तीन दिवस लेकरू नीट राहिलं. तुझा हात लागला अन् पुन्हा सुरू झालं. लय वाईट वाटतंय बोलायला, पर पहिल्यालाबी तूच सांभाळत होतीस."

पहिल्या वाक्यानं मी चिडले असते. शेवटचं ऐकून मी वही उघडली. वहीतही तेच निघत होतं. मी नव्हते त्या तीन रात्री बऱ्या. मी होते त्या रात्रींपैकी दृष्टीची एक सोडली तर सगळ्या वाईट. ज्या चार खुणा मी वन्संच्या नावानं केल्या होत्या त्या माझ्याच नावानं करायला हव्या होत्या. त्या रात्री मी माझे हात चिमणीजवळ धरून उलटेसुलटे पाहिले. मला खरोखरच वाटायला लागलं होतं, की माझ्यात काही आहे आणि त्यानं मुलगा गेला, आता ही जाईल. चतुर्दशीला मी तिला जवळ घेतलं नाही. फक्त भरवलं आणि औषध पाजलं. ती ओकली.

पौर्णिमेला पहाटे ह्यांनी गाडी जुंपली. जिंतूरला एक म्हातारे हकीम होते. सरकारी दवाखान्यातले डॉक्टर दौऱ्यावर गेल्याचं कळलं होतं, म्हणून तिकडेच जायचं ठरलं. निघण्याआधी मी सवयीनं लिंबू पिळलं, परतायला रात्र होईल म्हणून वाटीला फडकं बांधून बरोबर घेतली. वाटेत मुलगी ह्यांच्या मांडीवर होती. मी मुद्दाम मागं बसले.

हकीमसाब आमची भाषा बोलायचे, मधूनमधून दखनी. त्यांनी जीभ पाहिली, पोट दाबलं, नखं पाहिली, तिला दाराशी बसलेल्या शेळीमागं पळू दिलं आणि ती पळते कशी ते बघत राहिले. मग मला विचारलं. मी वही काढून तिथीवार वाचायला लागले. ते ह्यांना म्हणाले, "तुमच्या घरी तर मुनशी आहे, भाई." हे हसले. मला हसू आलं नाही.

वाचून झाल्यावर त्यांनी बोटांवर मोजत सांगितलं. पहिल्या रात्री पोट फार भरलं आणि त्यावर लगेच झोप, ते काही दुखणं नव्हे. पोरं खोकल्यानंही ओकतात, कफ गिळूनही, जंतानंही. पण रोज, एकाच वेळी, आणि दिवसा घोड्यासारखं पोर, याचा अर्थ संध्याकाळीच काहीतरी पोटात जातंय. मग त्यांचं लक्ष माझ्या मांडीवरच्या फडक्याकडे गेलं.

"बेटी, एवढं सगळं लिहिलंस. हे काय आहे ते कुठं लिहिलंस?"

"ते औषध आहे."

"औषध पोटात जात नाही?"

त्यांनी फडकं सोडलं. वाटी उजेडात तिरपी केली. रस जिथवर होता तिथं काठानं हिरवट रेघ उमटली होती. अंगठ्यानं आतून घासून त्यांनी मला दाखवलं. तळाशी कलईचा पांढरेपणा राहिलाच नव्हता, नुसतं पिवळं पितळ. हे कधी कालवून ठेवता, त्यांनी विचारलं. मी सांगितलं, सकाळी. त्यांनी रस अंगणात ओतून दिला.

पितळेत आंबट फार वेळ राहिलं की कळकतं, धातू उतरून विषारी होतं, हे आमच्याकडे सगळ्यांना ठाऊक असतं. त्या वर्षी लढाईमुळे कलईला लागणारं कथील मिळेनासं झालं होतं, दिवाळीआधी येणारा कलईवाला आलाच नव्हता. मीच घरातल्या भांड्यांची यादी केली होती: ताक मातीच्या मडक्यात, चिंचेचं दगडीत, पितळेत फक्त कोरडं. सगळ्यांना बजावलं होतं. मुलीच्या वाटीत भातच असायचा, म्हणून ती यादीत नव्हती. आणि रोज राखेनं घासून तिची उरलीसुरली कलई मीच काढली होती. वन्सं ऐनवेळी पिळायच्या, त्या रसाला कळकायला वेळच मिळत नव्हता.

मी हकीमसाबांना हळूच विचारलं, आधीचा मुलगा गेला, तेव्हा मी लिहीत नव्हते, तेव्हाही असंच काही झालं असेल का. त्यांनी साल विचारलं. म्हणाले, "त्या साली पटकी होती. गावंच्या गावं गेली. ते या वाटीत घालू नको." मग मुलीकडे बोट करून म्हणाले, "ही ओकत होती म्हणून वाचली. पोट शहाणं आहे तिचं."

त्यांनी औषध दिलंच नाही. त्या रात्री मुलगी ओकली नाही, पुढेही नाही. मला मात्र महिनाभर झोपेतून दचकून जाग यायची आणि मी तिच्या नाकाशी बोट धरून बघायची.

घरी मी सांगितलं, वाटीची कलई गेली होती. सासूबाई म्हणाल्या, चला, सुटलो. माझ्या हाताबद्दल जे बोलल्या होत्या ते त्यांनी मागं घेतलं नाही. वन्संनी वाटी हातात घेऊन आतून पाहिली आणि परत ठेवली. मुलगी त्यांच्याकडे धावली, त्यांनी तिला उचललंही. पण त्या दिवसानंतर त्यांनी तिला आपल्या हातानं कधी घास भरवला नाही. ताट वाढायच्या, तिच्यापुढे सरकवायच्या आणि हात मागे घ्यायच्या. "आपल्या हातानं खा गं, मोठी झालीस," म्हणायच्या. ती अडीच वर्षांचीही नव्हती.

गेल्या आठवड्यात मुलीचं पत्र आलं. तिचा मुलगा दीड वर्षाचा आहे, दोनदा रात्री ओकला, दिवसा खेळतो, काय करू. मी लगेच उत्तर लिहिलं: निजायच्या आधी पोट गच्च भरू नको, जेवल्यावर थोडं फिरव, खोकला आहे का बघ, औषध कोणत्या भांड्यात देतेस ते बघ, जे पोटात जातं ते सगळं लिही, पातळ शी झाली किंवा मान टाकली तर वाट न बघता डॉक्टरकडे ने. पुढच्या रविवारी ती त्याला घेऊन येते आहे.

पत्र लिहिताना जुनी वही काढली. सप्तमीच्या आधीची ती ओळ तशीच आहे, चार खुणांसकट. वन्संना वाचता येत नाही. त्या ओळीबद्दल त्यांना कळलं असेल ते माझ्या तोंडावरूनच.

रविवारच्या आधीची यादी केली आहे. गाद्या उन्हात घालणे, झालं. नातवासाठी मऊ तांदूळ आणणे, झालं. स्टीलची वाटी आणणे, झालं. वन्संना सांगणे, की चूक माझी होती, आणि बाळाला पहिला घास त्यांनी भरवावा. त्या आत्ता मागीलदारी उन्हात बसल्या आहेत, हात रिकामे आहेत. मी दोनदा दारापर्यंत जाऊन आले. या चौथ्या ओळीपुढे अजून खूण नाही.