कढत पाण्याचं नाव

श्रीनगरच्या हमरस्त्यालगत, हाजी अकबर शल्ला यांच्या आवारात खजिर मोहम्मद मीर एकवीस वर्षं गाड्या धूत होता. गाडी धुण्यात काय एवढं मोठं, असं वाटेल. चिल्लई कलानच्या चाळीस दिवसांत, नळ गोठून दगड झालेला असताना, एकदा धुऊन बघावी म्हणजे कळतं.

आवारात एक मोठं तांब्याचं भांडं चुलाणावर चढवलेलं असे. त्यातलं कढत पाणी आणि विहिरीचं गार पाणी बादलीत मिसळायचं आणि कोपर बुडवायचं. तान्ह्याला न्हाऊ घालताना बाई बुडवते ना, तसंच. हात निबर झालेले असतात, ते खोटं बोलतात, कोपर बोलत नाही, असं खजिरचं म्हणणं. दाराखाली थापलेल्या चिखलाला कोमट पाणी, म्हणजे तो सुटतो आणि रंगाची चमक जात नाही. आणि पुढच्या काचेवर बर्फ धरलेलं असेल तर तिला गरम पाण्याचा थेंबही नाही. तिच्यावर विहिरीचंच पाणी, तेही हळूहळू. लोकांना हे उलटं वाटायचं. गिऱ्हाईक निखाऱ्यांची कांगडी फेरनच्या झग्यात धरून कुडकुडत म्हणायचं, काक, ओत की जरा गरम, मला उशीर होतोय. खजिर म्हणायचा, उशीर तुम्हाला होतोय, काचेला नाही.

हाजीसाहेबांचा मुलगा तौसीफ तेव्हा बावीस-तेवीसचा होता. एका सकाळी एका इंजिनिअरसाहेबांची नवी कोरी गाडी आली. काचेवर बोटभर बर्फ. खजिर विहिरीवर पाणी काढायला गेला, तेवढ्यात तौसीफने भांड्यातलं उकळतं पाणी डबाभर घेतलं आणि काचेवर ओतलं. बंदुकीचा बार निघावा तसा आवाज झाला आणि काच या टोकापासून त्या टोकापर्यंत तडकली. खजिर धावत आला तेव्हा डबा जमिनीवर होता आणि तौसीफ चार पावलं लांब उभा होता.

इंजिनिअरसाहेब आत कहवा पीत होते. ते बाहेर यायच्या आधी हाजीसाहेबांनी खजिरला भिंतीआड घेतलं. पोराचं लग्न याच साहेबांच्या भाचीशी जुळत होतं.

"खजिरा, तू म्हण, मी ओतलं. म्हाताऱ्या माणसावर कोण राग धरतो? दोन दिवसांत विसरतील."

खजिर खाल्ल्या मिठाला जागणारा. त्याने मान खाली घातली आणि साहेबांपुढे जाऊन म्हणाला, चूक झाली. चोर सोडून संन्याशाला सूळ म्हणतात ते हेच, आणि इथे तर संन्यासी आपल्या पायांनी सुळावर चढला. मला अजून चीड येते ती त्याचीच.

दोन दिवसांत विसरतील! श्रीनगरात? या गावात कुणाच्या पणजोबाने कधी काळी बदक चोरलं, तर पणतूच्या लग्नपत्रिकेवर आडनावाच्या जागी बदक छापलं जातं. दुसऱ्या सकाळी कांदुराच्या दुकानात लोक भाकरीसाठी रांगेत उभे होते. काच कशी फुटली हे कुणी तरी सांगितलं आणि भट्टीशी बसलेला कांदूर हसत म्हणाला, "मग काय, आमचा खजिर तोत आब!" तोत आब म्हणजे कढत पाणी. रांग खो खो हसली. खजिर त्याच रांगेत होता. तोही हसला, भाकऱ्या फेरनखाली घेतल्या आणि घरी आला.

घरी त्याने खरं काय ते एकट्या रफीकाला सांगितलं. त्याची ही एकुलती एक पोर, आई नसलेली. बोलायचं नाही, असं वचनही घेतलं तिच्याकडून. पुढे तौसीफचं लग्न वाजत-गाजत झालं. रफीकाला स्थळं यायची, मध्यस्थ विचारायचा, मुलगी कुणाची? तोत आबची. अच्छा, ज्याने साहेबांची काच फोडली तो? त्या घरात धांदरटपणा रक्तातच असेल, असंही एकीने तोंडावर म्हटलं. नवी गिऱ्हाइकं आवारात येऊन सांगू लागली, दुसऱ्या कुणाला तरी पाठवा, याला नको. एकवीस वर्षं कोपर बुडवणाऱ्या माणसाला! एकदा तो हाजीसाहेबांकडे गेलाही, आता तरी खरं सांगा म्हणाला. हाजीसाहेब म्हणाले, जुन्या राखेत फुंकर कशाला मारतोस. त्याच वर्षी ते वारले आणि सांगणारं तोंडच राहिलं नाही.

खजिर गेला तोही चिल्लई कलानमध्येच. मशिदीच्या भोंग्यावरून सांगायला रफीकाने चिठ्ठी पाठवली: खजिर मोहम्मद मीर अल्लाला प्यारे झाले. दोनदा पुकारलं. अर्धा तास झाला तरी अंगणात चारच माणसं. गल्लीत लोक एकमेकांना विचारत होते, हे मीर कोण बुवा? शेवटी कुणी तरी जाऊन भोंग्यावरून सांगितलं, खजिर तोत आब गेले. तेव्हा अंगण भरलं.

तौसीफ आला. आता दाढीत पांढरे केस आलेले. डोळे पुसत होता आणि ते ढोंग नव्हतं. "फार गुणी माणूस," तो शेजाऱ्याला सांगत होता, "एकदाच काय ती चूक झाली बिचाऱ्याची." इतकी वर्षं तेच सांगून सांगून त्यालाही ते खरं वाटायला लागलं होतं.

मयताच्या आंघोळीचं पाणी रफीकाने तापवलं होतं. आतून मागणी आली तशी तिने गार पाणी मिसळलं, बाही वर केली, कोपर बुडवलं, पुन्हा थोडं गार घातलं. बादली पुढे करताना तिचं वचन मोडलं.

"माझ्या बापाने आयुष्यात कधी काचेवर कढत पाणी ओतलं नाही."

तौसीफ खाली बघू लागला, की नुसताच रडत होता, कुणास ठाऊक. मग तोच कांदूर, आता म्हातारा झालेला, पुढे आला आणि तिच्या डोक्यावर हात ठेवून मायेने म्हणाला,

"हो गं पोरी. एकदाच."