बाराची लाईट

सुजातामॅडमच्या नवऱ्याचा, मिलिंदचा फोन आला तेव्हा मी निलंग्याच्या बसस्टँडवर होतो. "मामा, सुजाता गेली," एवढंच तो बोलला. त्याच्या दोन दिवस आधी मेंदूत रक्तस्राव झाला म्हणून मॅडमना लातूरच्या दवाखान्यात नेलं होतं. सहा आठवडे झाले त्याला. तेव्हापासून लिहीन लिहीन म्हणतोय, पण जे लिहायचं त्याचीच भीती वाटत होती.

मॅडम मूळच्या उमरीच्या. बौद्ध घरातल्या, वडील शाळामास्तर, घरातली पहिली इंजिनिअर. आमच्या गॅसच्या पाइपलाइनवर सुरक्षा अधिकारी म्हणून आल्या, तेव्हा मी वयानं वीस वर्षांनी मोठा आणि हुद्द्यानं खाली, लाईनवर गस्त घालणारा. पहिल्याच दिवशी म्हणाल्या, "तुम्ही मॅडमच म्हणा, चारचौघांत बरं दिसतं. मी मात्र मामा म्हणणार." त्यांचं एक सांगणं कायम असायचं. "घरच्या सिलिंडरच्या गॅसला मुद्दाम वास घातलेला असतो, आपल्या मोठ्या लाईनमधल्या गॅसला वास नाही. वास नाही म्हणून माणूस निवांत राहतो, आणि मला त्या निवांतपणाचीच भीती वाटते."

वीजनिर्मिती केंद्राला जास्त गॅस हवा होता. शेजारून दुसरी लाईन टाकायचं ठरलं होतं, पण ती होईपर्यंत जुन्या लाईनमधलाच दाब वाढवा, असा वरून हुकूम आला. लाईन पायी बघितल्याशिवाय सही करणार नाही, असं मॅडमनी सांगितलं. साहेब वैतागले. आम्ही दोघं चालायला लागलो.

चौथ्या दिवशी निलंग्याच्या अलीकडे पारूबाई नावाच्या म्हातारीनं बांधावरून हाक मारली. "बाई, तुमच्या लाईनपाशी माझा ऊस वाळून राहिला. पाणी हाय, खत हाय, तरीबी." आत जाऊन बघितलं, तर हिरव्यागार उसात खळ्याएवढा पिवळा गोल आणि सरीतल्या पाण्याला भात शिजताना येतात तसे बुडबुडे. हातातलं गॅस मोजायचं यंत्र किंचाळायला लागलं. आम्ही मागे पळालो. दोन्ही बाजूंचे व्हॉल्व्ह बंद करायला कळवलं, पण मधल्या लाईनमधला गॅस संपायला काही तास लागणार होते.

मॅडमनी विचारलं, "आजी, मोटार कुठंय?"

पिवळ्या गोलापलीकडे दहा-बारा पावलांवर विहीर होती. "बाराला लाईट आली की आपोआप सुरू व्हते. ऑटो हाय," पारूबाई म्हणाली.

बाराला नऊ मिनिटं होती. स्टार्टर लागताना ठिणगी पडते, हे आम्हा दोघांनाही माहीत होतं. सबस्टेशनला मी तीनदा फोन लावला, कुणी उचलला नाही. लाईट यायच्या आत जाऊन ऑटोचं बटण खाली करणं एवढंच उरलं होतं. लाईनवरचं ते काम माझं होतं... माझे पाय हलले नाहीत. मॅडमनी एकदा माझ्याकडे बघितलं, चिमूटभर माती सोडून वारा कुठला ते पाहिलं आणि वाऱ्याच्या बाजूनं वळसा घालून उसात शिरल्या. पाचट वाजत राहिलं, मग तेही थांबलं.

"तुमी न्हाई गेला?" पारूबाईनं विचारलं.

मॅडम बाहेर आल्या आणि थोड्याच वेळात दूर कुणाची तरी मोटार सुरू झाली. लाईट आली होती. आमच्या विहिरीवर सगळं शांत होतं. मॅडम बांधावर बसल्या आणि भडाभडा ओकल्या. "मामा, मी लई भ्याले," एवढंच म्हणाल्या.

खणल्यावर पाइपवर पोकलेनच्या दाताचा खोल घाव सापडला. कधी तरी कुणी तरी तो तसाच मातीखाली लोटला होता. दाब वाढवला असता तर लाईन तिथंच फुटली असती. हुकूम मागे घेतला गेला, पाइपचा तुकडा बदलला. पुढे दुसरी लाईनही झाली आणि केंद्राला हवा तेवढा गॅस जायला लागला. आता दोन लाईनींच्या काळजीनं माझी झोप उडालेली असते.

मॅडमनी अहवालात लिहिलं होतं, "आम्ही दोघांनी जाऊन ऑटो बंद केला." मी म्हणालो, "मॅडम, हे खरं न्हाई." त्या म्हणाल्या, "तुम्ही थांबला नसता तर आजींना कुणी अडवलं असतं?" आजींना अडवायची वेळच आली नव्हती. ते त्यांनाही ठाऊक होतं. त्या अहवालावर मला प्रशस्तिपत्र मिळालं, आणि मी ते घेतलं. मॅडम असेपर्यंत कुणाला सांगायचं धाडस झालं नाही, म्हणून आज इथं लिहितोय.

मॅडमचा ड्यूटीचा फोन आता माझ्याकडे आहे. लाईनकाठच्या प्रत्येक शेतकऱ्याला तो नंबर त्यांनी स्वतः दिलेला. लोक अजून विचारतात, "मॅडम हाईत का?" मागच्या आठवड्यात एकजण म्हणाला, सोयाबीन एका जागी पिवळं पडलंय. मी म्हणालो, "मॅडम नाहीत आता. मीच येतो." वाटेत दोनदा गाडी थांबवली. दोन्ही वेळा परत फिरावंसं वाटलं. मग गेलो, एकटाच आत शिरलो. यंत्र गप्प राहिलं. रोग पडला होता पिकावर.

"उगाच तरास दिला तुम्हाला," शेतकरी म्हणाला.

म्हणलं, "देत जा."