दीपमालेचा डावा हात

वयाच्या चोविसाव्या वर्षापर्यंत दीपमालेने डाव्या हाताने फक्त बटणं दाबली.

तिचे वडील साहेबराव यांची उत्रोलीत गायन पार्टी होती. साहेबराव गात, चिमाजी ढोलकी वाजवत, आणखी चार-पाच जण साथीला. एप्रिल महिनाभर जयंतीचे कार्यक्रम, एरवी लग्नं, बारशी, एखादं विहाराचं उद्घाटन. उरलेले दिवस भाताच्या खाचरात जात. २००३ साली पार्टीतला कीबोर्डवाला शिरवळच्या एका कंपनीत कायम झाला आणि यायचा बंद झाला. कीबोर्ड घरात पडून राहिला. तेरा वर्षांच्या दीपमालेने सुट्टीत त्यावर वडिलांची गाणी एकेक करून बसवली. तिला कुणी शिकवलं नव्हतं. साहेबरावांनी दोन दिवस ऐकलं आणि तिसऱ्या दिवशी तिला पार्टीच्या टेम्पोत घेतलं.

पार्टीत कीबोर्डचं काम ठरलेलं असतं. उजव्या हाताने गाण्याची चाल वाजवायची. डाव्या हाताने आवाज बदलायचा, आता सनई, आता बासरी, आणि सूर ओढायचा असेल तर कडेचं चाक फिरवायचं. त्या स्वस्त कीबोर्डवर कळ हळू दाबा नाहीतर जोरात, आवाज तेवढाच यायचा. दीपमाला अकरा वर्षं असंच वाजवत राहिली. तिला त्यात काही कमी वाटत नव्हतं. भोर तालुक्यात तिच्या तोडीचं कीबोर्ड वाजवणारं कुणी नाही असं लोक म्हणत, आणि ते बहुधा खरंही होतं.

बी.ए. झाल्यावर ती भोरमधल्या एका औषधांच्या दुकानात कामाला लागली. म्हाताऱ्या गिऱ्हाइकांना औषधं घरी नेऊन द्यायचं काम तिच्याकडे होतं. त्यातल्या एक नलूताई. वाचनालयात ग्रंथपाल होत्या, निवृत्त होऊन बरीच वर्षं झालेली, नवरा वारलेला, मुलगा पुण्यात. त्यांच्या बैठकीच्या खोलीत भिंतीला लावून ठेवलेला एक जुना उभा पियानो होता. तरुणपणी पुण्यात त्या एका गोवेकर मास्तरांकडे आठ वर्षं शिकल्या होत्या आणि लग्न करून भोरला आल्या तेव्हा पियानो बरोबर घेऊन आल्या होत्या. पुढे सांधे आखडले आणि त्यांचं वाजवणं थांबलं.

२०१४ च्या जानेवारीत एकदा गोळ्या देऊन झाल्यावर दीपमाला दारात घुटमळली.

"जरा वाजवून बघू का?"

"येतं तुला?"

"पार्टीत वाजवते मी. वडिलांच्या."

नलूताईंनी झाकण उघडून दिलं. दीपमालेने एका लग्नगीताची चाल वाजवली. कळा जड लागत होत्या, करंगळीखालचे सूर उमटतच नव्हते. तिचा डावा हात मात्र वर, लाकडी फळीवर काहीतरी शोधत फिरत होता.

"डावा हात तिकडे कशाला नेतेस?"

"बटणं तिकडंच असतात ना."

"इथे बटणं नाहीत. ताल, भरणा, सगळं त्याच हाताने करायचं."

दीपमालेने हात खाली आणला आणि विचारलं, "आवाज लहानमोठा कुठनं करायचा?"

"बोटांतून," नलूताई म्हणाल्या. "रविवारी ये. सकाळी."

ती रविवारी गेली आणि पुढची सात वर्षं जात राहिली. पहिले सहा महिने नलूताईंनी उजवा हात कळांना लागू दिला नाही. दीपमाला डाव्या हाताने एकटीच चढउतार करत बसायची. अकरा वर्षं वाजवल्यावर पहिलीतल्या मुलासारखं बसायची तिला लाज वाटत होती, पण तिने ते कुणाला सांगितलं नाही. जुलैत भोरच्या ओलाव्याने लाकूड फुगायचं, कळा दाबल्या की वर यायच्या नाहीत. मग नलूताई पियानोच्या पोटात चाळीस वॅटचा बल्ब लावून ठेवायच्या आणि दोघी तो सुकायची वाट बघत चहा प्यायच्या.

डावा हात सुधारला तो अर्धा नलूताईंमुळे आणि अर्धा चिमाजींमुळे. एकदा पार्टीच्या सरावात त्यांनी तिला रिकाम्या वेळात डाव्या हाताने कळांवर काहीतरी धरताना ऐकलं.

"ह्ये काय करतीस?"

"पियानोचा धडा हाय काका."

"तुजा डावा नुसता मोजतोय," चिमाजी म्हणाले. त्यांनी ढोलकीच्या डाव्या तोंडावर थाप मारली आणि मनगटाने कातडं दाबत आवाज खालून वर ओढला. "त्याला वाकीव जरा."

पियानोचा सूर वाकत नाही. दीपमालेने महिनाभर खटपट केली. शेवटी शेजारच्या कळेला निसटता स्पर्श करून मुख्य कळेवर यायचं तिने शोधून काढलं. सूर वाकल्याचा भास व्हायचा. नलूताईंनी ते ऐकून कपाळाला आठ्या घातल्या. मग म्हणाल्या, "आमचे मास्तर असते तर हातावर पट्टी मारली असती. पण चांगलं वाटतंय, ठेव."

२०१६ च्या मार्चमध्ये तिने वडिलांना सांगितलं की येत्या जयंतीपासून ती पार्टीत वाजवणार नाही. साहेबराव ओट्यावर बसून विळ्याला धार लावत होते.

"का गं?"

"हात बिघडतोय आप्पा. तिथं शिकलेलं हितं मोडतं."

"इतकी वर्सं न्हाई बिघडला."

"तवा मला कळत नव्हतं."

"मंग पार्टी कशी चालायची?"

त्या एप्रिलपासून साहेबराव मोबाईलवर तयार केलेल्या साथीवर गाऊ लागले. घरात बोलणं चालू होतं, पाण्याचं, शेताचं, जेवणाचं. गाण्याबद्दल मात्र बापलेकींत पाच वर्षं एक शब्द झाला नाही. आज तिला कुणी विचारलं की तुमच्यावर कुणाचा प्रभाव पडला, तर ती नलूताई आणि चिमाजी ही दोन नावं सांगते. वडिलांचं नाव विचारल्याशिवाय घेत नाही.

लंडनच्या एका बोर्डाची पियानोची परीक्षा तिने पुण्यात दिली. पहिल्या वेळी नापास झाली. कागदावरचे सूर पाहून तिथल्या तिथे वाजवायचे होते, आणि तिला अजून ऐकल्याशिवाय वाजवता येत नव्हतं. परीक्षकांनी शेऱ्यात लिहिलं की ही विद्यार्थिनी कागद वाचत नाही, अंदाज करते. तिने तो शेरा घडी करून पाकिटात ठेवला, वर्षभर रोज एक पान वाचलं आणि दुसऱ्या वेळी पास झाली. त्या आधारावर तिला शिवऱ्याजवळ महामार्गावरच्या एका हॉटेलात संध्याकाळी वाजवायचं काम मिळालं. चार महिने ती तिथे वाजवत होती. एकदा व्यवस्थापक मंदार तिच्याजवळ येऊन हळूच म्हणाला, "मॅडम, जरा कमी वाजवा. लोकांना बोलायला अडचण होते." तिने कमी वाजवलं. महिना संपल्यावर तिने काम सोडलं. त्याबद्दल ती आजही मंदारला बोल लावत नाही. लोक तिथे जेवायला येत होते, असं म्हणते.

२०२१ च्या मे महिन्यात नलूताई गेल्या. शेवटचे तीन आठवडे त्या पुण्याला दवाखान्यात होत्या आणि कुणालाच आत सोडत नव्हते. जूनमध्ये त्यांचा मुलगा सौमित्र भोरच्या घराची आवराआवर करायला आला आणि त्याने दीपमालेला बोलावलं. आईने वहीत लिहून ठेवलं होतं की पियानो दीपमालेला द्यावा, आणि दर पावसाळ्यात आत बल्ब लावावा.

"कधी नेताय?" त्याने विचारलं.

दीपमालेला तो घरात कुठे ठेवायचा हे सुचत नव्हतं. पत्र्याचं दोन खोल्यांचं घर, पुढचा दरवाजा अरुंद. संध्याकाळी तिने आईला सांगितलं. साहेबराव पलीकडे बसून ऐकत होते. सकाळी ते आठ वाजता एकटेच भोरला चालत गेले, नलूताईंच्या घरी जाऊन वितीने पियानो मोजला आणि परत आले.

"चौकट काढावी लागंल," ते म्हणाले. "पार्टीची पेटी, स्पीकर मागं छपरात टाकतो. ती खोली रिकामी करू."

दोन दिवसांत त्यांनी गवंडी बोलावून चौकट काढली, शेजारची हातभर भिंतही पाडली. पियानो टेम्पोतून आला. उतरवायला आठ माणसं लागली, त्यात चिमाजी होते. पियानो आत गेल्यावर साहेबराव भिंतीला टेकून उभे राहिले आणि म्हणाले, "वाजीव की."

प्रवासात सूर उतरले होते. तरी तिने वाजवलं. तिला रडू आलं नाही, असं ती सांगते. भीती वाटली. आता न शिकण्याला काही कारण उरलं नव्हतं.

पुण्याहून सूर लावायला येणाऱ्या कारागिराकडून तिने ते कामही शिकून घेतलं. २०२३ च्या फेब्रुवारीत भोरच्या एका शाळेच्या सभागृहात तिचा पहिला एकटीचा कार्यक्रम झाला. साठेक माणसं आली. पहिली रचना संपली तेव्हा शांतता पसरली, आणि तिसऱ्या रांगेतून तिच्या आत्या भामाबाई यांनी सरळ विचारलं, "गाणारी कवा यायची?"

लोक हसले. दीपमाला बाकावरून वळली. "गाणारी न्हाई आत्ती. आज मी एकटीच हाय."

"बरं बरं. वाजीव मग," आत्या म्हणाल्या आणि मांडी घालून नीट बसल्या.

युरोपातल्या तीन रचना झाल्यावर तिने स्वतः बांधलेली एक वाजवली. त्या रचनेत खाली, डाव्या हाताला मिरवणुकीच्या ढोलकीचा ठेका होता, आणि वर वडिलांच्या एका जुन्या चालीचे तुकडे, ओळखू येतील न येतील असे. सगळं मिळून पाऊण तास. टाळ्या बेताच्या पडल्या. काही माणसं मधेच उठून गेली होती.

साहेबराव शेवटपर्यंत बसले होते. उत्रोलीला परत येताना टेम्पोत ते म्हणाले, "शेवटच्या गाण्यात तू घाई केलीस. ती ओळ मी एवढ्या घाईनं कवाच म्हणली न्हाई."

"परत म्हणून दावा," ती म्हणाली.

त्यांनी म्हटली. तिने ऐकून घेतली आणि पुढच्या वेळी तो भाग सावकाश वाजवला.

तेव्हापासून तिचे पुण्यात, कोल्हापुरात आणि दोनदा पणजीत कार्यक्रम झाले. दुकानातली नोकरी तिने अर्धवेळ केली आहे. वरव्याच्या आणि भोरच्या पाच मुली तिच्याकडे शिकतात. जेवढं नाव व्हावं तेवढं झालेलं नाही, आणि तिला त्याची खंत आहे हे ती लपवत नाही. मागच्या डिसेंबरात वेल्ह्याच्या एका शाळेने तिला बोलावलं. घाटरस्त्याने पियानो नेणं शक्य नव्हतं, म्हणून तिने पुण्याहून विजेवर चालणारा मागवला. दुसऱ्याच रचनेच्या मध्यावर लाईट गेली. पाच मिनिटं वाट पाहिल्यावर मुख्याध्यापिका मंगल म्हणाल्या, "मॅडम, तोवर मुलांशी काहीतरी बोला."

ती उठून पुढे आली, पोरांमध्ये खाली बसली आणि त्यांना विचारलं की तुम्हाला काय वाजवता येतं. एकाने ताशाचं नाव घेतलं, एकीने टाळ म्हटलं. एका पोरीने तोंडाने पक्ष्याचा आवाज काढून दाखवला. चाळीस मिनिटांनी लाईट आली तेव्हा सगळ्या वर्गभर तेच, तोंडाने आवाज काढणं चाललं होतं. मंगलबाईंनी घड्याळाकडे पाहिलं, पोरांना थांबवलं नाही आणि जेवणाची घंटा दहा मिनिटं पुढे ढकलली.