वहिनीचा गार हात

आमच्या वहिनीइतकं गार माणूस उभ्या बीड जिल्ह्यात झालं नाही, हे वाक्य मी आजवर इतक्या बैठकांत सांगितलं आहे, की ऐकणारे माझ्या आधीच हसायला लागतात. मी तिथंच थांबत आलो. पुढचं सांगायचं वर्षानुवर्षं टाळलं. आता पंचाहत्तरी उलटली, बैठकीतले हसणारेही एकेक करून कमी झाले. तेव्हा उरलेलं सांगून टाकतो.

वहिनी म्हणजे माझ्या थोरल्या भावाची बायको. त्या लग्न होऊन युसूफ वडगावला आल्या तेव्हापासूनच त्यांचे हात थंड. पन्नाशीनंतर मात्र थंडीनं सगळं अंगच धरलं. वैशाखात आमच्याकडं रस्त्याचं डांबर चपलेला चिकटतं. त्या दिवसांत वहिनी अंगात स्वेटर, डोक्याला रुमाल अशा भर उन्हात वाळवणाशेजारी बसायच्या. आधी कुरडया वाळतात की वहिनी, यावर आम्ही पैजा लावायचो. मी दुकानातून जेवायला यायचो, पंखा लावायचो आणि हात धुवून येईपर्यंत पंखा बंद. "कावून बंद केला, वहिनी?" "भाऊजी, वारं हाडात शिरतंय." "हाडात जागा हाय का? सगळी गोधडीनं भरली की!" यावर त्या घोगऱ्या आवाजात खुदुखुदु हसायच्या. उन्हाळ्यात वीज गेली की गल्लीभर शिव्यांचा पाऊस पडायचा, आणि आमच्या माजघरातून समाधानाचा आवाज यायचा, "आत्ता कसं बरं वाटाया लागलं!"

पण या गारठ्याचा घरादाराला उपयोग फार. उन्हाळ्यात ताक घुसळलं तर लोणी हातातच वितळतं, गोळा धरत नाही. वहिनींनी नुसता हात घातला की लोणी शहाण्या लेकरासारखं गोळा व्हायचं. गल्लीतल्या बाया ताकाची भांडी घेऊन आमच्या दारात यायच्या आणि वहिनी एखाद्या मोठ्या डॉक्टरणीच्या तोऱ्यात एकेकीचं भांडं पुढं ओढायच्या. कुणाचं लेकरू तापलं तरी बोलावणं वहिनींनाच. मीठपाण्याच्या पट्ट्या कशाला, वैनीचा हात ठेवा कपाळावर! मला एकदा हिवताप झाला तेव्हा माझी बायको माहेरी होती. दुपारभर वहिनी उशाशी बसल्या होत्या. डावा हात तापला की उजवा, उजवा तापला की डावा. तो गारवा मला अजून आठवतो. गावाला त्यांचा हात थंडच हवा होता. तो कशानं थंड आहे, हे विचारायची गरज कुणाला पडली?

पुढं त्या मंदावत गेल्या. डाळ निवडता निवडता ताटावरच डोळा लागायचा. भुवया विरळ झाल्या, चेहरा सुजल्यासारखा दिसू लागला. "वहिनींना माहेरचं तूप मानवलं," मी म्हणायचो. दादा वारल्यावर घरातला कर्ता मीच. कुणाला दवाखान्यात न्यायचं, कुणाला नाही, हे मी ठरवायचो. वहिनींना मूल नव्हतं. सांगायचं तर त्यांनी मलाच सांगायचं.

कोरोनाच्या दिवसांत गावातली आशाताई घरोघर कपाळावर यंत्र धरून ताप मोजत फिरत होती. वहिनींच्या कपाळावर धरलं तर यंत्राला आकडाच दाखवता येईना. तिनं पुसून पुन्हा धरलं. मी म्हणालो, "अगं, आमच्या वहिनीपुढं मशीन पण गारठलं!" ओसरीवरचे सगळे हसले. ती हसली नाही. वहिनींचा चेहरा निरखून म्हणाली, "यंत्राचं एक सोडा, काका, पण आवाज बसलाय, अंगावर सूज हाय. थायरॉईडचं असू शकतंय. अंबाजोगाईला नेऊन रक्त तपासून आणा." ती गेल्यावर वहिनी हळूच म्हणाल्या, "भाऊजी, जाऊन यायचं का एकडाव?" मी म्हणालो, "वहिनी, ताप आला म्हणून लोक दवाखान्यात जातेत. ताप येत न्हाई म्हणून कोणी गेलेलं ऐकलंय का?" पुन्हा सगळे हसले. वहिनीही हसल्या. पण हसताना त्यांनी स्वेटरच्या बाह्या बोटांवर ओढून घेतल्या, ते मी पाहिलं होतं. पुन्हा त्यांनी तो विषय काढला नाही. मीही नाही.

त्यानंतरच्या एका संक्रांतीला थंडी कडाक्याची होती. सकाळी ओसरीवर पाहुणे चहा पीत बसले होते. माझी सून घाबरी होऊन आली. "मामा, मोठ्या आत्या उठनात. हात निस्ता बर्फावानी लागायलाय."

मी म्हणालो, "त्यांचा हात कवा ऊन होता गं? झोपू दे. लोणी काढायच्या वक्ताला उठतील आपोआप."

पाहुणे हसले. सून आणखी एक गोधडी घेऊन आत गेली. दुपारी ती मला न विचारताच शेजारच्याची जीप घेऊन आली.

अंबाजोगाईच्या डॉक्टरांनी सगळं समजावून सांगितलं. गळ्यातली ग्रंथी कित्येक वर्षं मंदावत गेली होती. अंगाला ऊब देणारा रसच तयार होत नव्हता. रोज सकाळी एक बारकी गोळी दिली असती, तर बहुतेक ही वेळ आली नसती. आता फार उशीर झाला होता. "याआधी तपासणी करा असं कुणी सुचवलं नव्हतं का?" त्यांनी विचारलं. सून माझ्याकडं पाहत होती. मी म्हणालो, "न्हाई, साहेब." पुढं दुखवट्याला भेटायला आलेल्यांनाही मी तेच सांगत राहिलो. काही कळलंच नाही हो, त्यांची प्रकृतीच तशी होती.

दुसऱ्या दिवशी वहिनींनी डोळे उघडले. खाटेशी घरचं माणूस मी एकटाच होतो. पांघरुणात हात घालून मी त्यांचा हात धरला. नर्स म्हणाली, "बोला त्यांच्याशी, ऐकू जातं त्यांना." बोलायचं काय, ते जीपमध्ये बसल्यापासून माझ्या तोंडात तयार होतं: वहिनी, तुमी म्हणल्या होत्या, मी नेलं न्हाई, माझं चुकलं. पण आयुष्यभर त्यांच्याशी ज्या सुरात बोललो, त्याखेरीज दुसरा सूर मला सापडेना. मी म्हणालो, "वहिनी, उठा की. बायका ताक घेऊन दारात बसल्यात."

त्यांच्या ओठांचा कोपरा हलला. माझ्या थट्टेला हसायचं त्यांनी कधीच चुकवलं नव्हतं. त्यांचं हसून होऊ दे, मग सांगू, म्हणून मी थांबलो.