रामा मेस्त्रीचं न गळणारं विमान

सरकारी नोकराला वेळ झाली की हार घालून घरी पाठवतात. होडी बांधणाऱ्या मेस्त्रीला कोण पाठवणार? तो आहे तिथेच असतो, होड्याच निवृत्त होतात. शिरोड्याच्या रामचंद्र मेस्त्रीचं असंच झालं. किनाऱ्यावर फायबरच्या होड्या आल्या. त्यांना ना फळी, ना फट. आणि ज्याची सगळी हयात फळ्यांमधल्या फटींत कापूस ठासून वर राळ-तेलाचा लेप देण्यात गेली, त्या माणसाला एके दिवशी कळलं की दर्यावर आता बुजवण्यासारखं काही उरलेलं नाही.

पण हाताला हे कोण सांगणार? हात आपला फटी शोधत फिरायचा. घराच्या कौलांपासून सुरुवात झाली. मग दाराची फट, मग पिठाच्या डब्याचं झाकण. ते असं बसवलं की यशोदा बिचारी चार दिवस भाकऱ्यांऐवजी भात वाढत होती. शेजारच्या अजयचा मोबाइल एकदा पडवीवर राहिला, तर त्याच्या बुडाशी असलेली बारीक भोकं रामचंद्राने बुजवून दिली, पावसात पाणी शिरू नये म्हणून. त्यानंतर आठवडाभर अजय फोनवर बोलायचा आणि पलीकडे कोणाला काही ऐकू जायचं नाही. अजयची सासुरवाडी त्या आठवड्यात फार सुखात होती असं म्हणतात.

"गोदूबाय," मासळीची पाटी घेऊन आलेल्या शेजारणीला यशोदा सांगायची, "ह्येंच्या समोर जांभय देव नुको हां. पुट्टी भरतले."

आता या माणसाच्या हाती विमान कसं लागलं, ते ऐका.

त्याचा मुलगा मितेश बोटीवर इंजिनरूममध्ये फिटर. बोट जपानला लागली की बाकीची पोरं परफ्यूम आणतात, हा खोकी आणायचा. खोक्यात प्लॅस्टिकचे शेकडो बारीक तुकडे, चिंचेचे आकडे फांदीला लटकावेत तसे चौकटीला लटकलेले. ते कापायचे, घासायचे, जोडायचे, रंगवायचे, की विमान तयार. आणि विमान तरी कुठलं, तर अजून कोणी बनवलेलंच नाही असं. पुढच्या काळातलं, अंतराळात लढणारं.

"मगे तेंका कसा कळला, ता कसा दिसतला?" रामचंद्राने पहिल्याच वेळी विचारलं होतं.

"मनान काढलेला असता, बाबा."

"आणि चालवतलो तो एकटोच? वांगडाक कोण नाय?"

"एकटोच."

"मगे जेवण कोण करता?"

असं विचारत विचारत म्हातारा चटईवर सरकला आणि मितेशच्या त्या सुट्टीत बापलेकांनी मिळून एक लहानसं विमान उभं केलं. कापायचं-घासायचं काम बापाचं, रंगाचं मुलाचं. फक्त शेवटी मितेशने त्या नव्याकोऱ्या विमानावर गंज आणि काजळी रंगवायला घेतली, तेव्हा रामचंद्राने त्याचा हातच धरला.

"आमी जुन्या होडयेक नवी करून देव आणि तू नव्याक जुना करतंस?"

"लढान इलेला दिसाक व्हया, बाबा."

"लढान इला तर धुवन ठेवचा!"

पण ती सुट्टी म्हणजे रामचंद्राला लॉटरी लागली. ज्या मुलाशी वयात आल्यापासून "जेवलंस?" आणि "कधी जातलंस?" याच्या पलीकडे बोलणं नव्हतं, तो खांद्याला खांदा लावून "बाबा, ह्या जरा धरा बघूया" म्हणत बसला होता. होड्या गेल्या, पण हात पुन्हा कोणाला तरी हवे होते. अशी आणखी एक सुट्टी मिळावी, एवढंच त्याचं गावच्या माऊली देवीकडे मागणं.

पुढच्या वेळी मितेश एक मोठं खोकं घेऊन आला. हे किट कंपनीने बनवायचं कधीच सोडलं होतं, आणि बंदराबंदरांत शोधून ते त्याला एका गल्लीतल्या दुकानात सापडलं होतं. त्याने ते टॉवेलात गुंडाळून कपाटावर ठेवलं.

"बाबा, ह्येका हात लावूचो नाय. जत्रेक इलंय काय दोघा मिळान करूया."

"माका काय करूचा आसा तुझ्या खोक्याचा?" रामचंद्र म्हणाला, आणि म्हणता म्हणता त्याने वितीने खोक्याची लांबी मोजून घेतली.

मितेश बोटीवर गेला. पाऊस लागला. खोक्याला ओल तर लागली नसेल ना, एवढं बघायला रामचंद्राने टॉवेल सोडला. आत ओल गेली नाही ना, म्हणून झाकण उघडलं. तुकडे पूर्ण आहेत ना, म्हणून बाहेर काढले. एकमेकांत बसतात ना, म्हणून बसवून पाहिले. आणि ते असे बसले, असे बसले की सोडवायचं मन होईना. मग सुटून हरवतील म्हणून चिकटवले. बघा, यात चूक अशी कुठेच नाही. प्रत्येक पायरीला माणूस काळजीच घेत होता.

विमान उभं राहिलं तेव्हा त्याने चष्मा पुसून पुन्हा डोळ्यांवर चढवला आणि विमान उजेडात धरलं. विमानाच्या अंगभर फटी! पंखावर फटी, पोटावर फटी, शेपटीवर उभ्या-आडव्या फटी.

"यशोदा गो! झिलाक, आपल्या मितेशाक फसवल्यानी! फुटका विमान दिल्यानी!"

यशोदा तांदूळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "मगे बुजवा."

बायकोने आपणहून बुजवायला सांगितल्याचा हा संसारातला पहिलाच प्रसंग. रामचंद्राने पुट्टीचा डबा काढला आणि पितृपक्ष उलटेपर्यंत मागे वळून पाहिलं नाही. एकेक रेघ भरली, वाळवली, घासली, अंगठ्याने चाचपली, पुन्हा भरली. बंदुकांची तोंडं बुजवली. मागे दोन मोठी भोकं होती, ती तर आधी बुजवली. चालकाच्या डोक्यावरची काच चहूबाजूंनी सांधली. त्याआधी चालकाला होडी हाकणाऱ्या तांडेलासारखी लाल टोपी आणि मिशी काढायला तो विसरला नाही.

"ह्येका जेवक खंयसून देतले?" यशोदाने काचेतून वाकून विचारलं.

विमान पाण्यात लवंडू नये म्हणून पोटात मासेमारीच्या जाळ्याला लावतात ते शिसं आधीच भरलं होतं. वरून होडीचा निळा रंग, नाकावर पांढऱ्या अक्षरांत 'माऊली प्रसाद'. आता देवीची जत्रा येईल, पोरगा येईल, बघेल आणि म्हणेल, वा बाबा!

जत्रेच्या आधी मितेशचा बोटीवरून व्हिडिओ कॉल आला. आवाजात हसू मावत नव्हतं.

"बाबा, ह्या बघा. आपल्यासारख्याच विमान एकान बनवल्यान. फोटो दाखयतंय. ह्यो रेघो बघितल्यात? केसासारख्यो! अशो रेघो आता कोण काढणा नाय. तेच्यात पातळ काळो रंग सोडलो काय विमान जिता होता. ह्येच्यासाठीच तर शोधी होतंय मी ता खोका."

रामचंद्राने फळीवरच्या विमानाकडे पाहिलं. "त्यो रेघो... मुद्दाम ठेवतत?"

"मगे? सगळी मजाच थंय आसा."

"पाणी शिरणा नाय?"

"कसला पाणी?"

रामचंद्राने अंगठ्याने लाल बटण दाबलं आणि यशोदाला सांगितलं, "रेंज गेली."

मग सुरू झाली धांदल. त्याने टोकदार पात्याने रेघा पुन्हा कोरायला घेतल्या. पण मूळच्या रेघा कुठे होत्या ते कोणाला आठवतंय? आणि हात तर होडीवर वाढलेला. तो आपला नाकापासून शेपटीपर्यंत लांबच लांब, किंचित बाक घेत जाऊ लागला, एकीखाली एक. काम संपलं तेव्हा विमानाला होडीसारख्या फळ्या फुटल्या होत्या.

यशोदाने दोन्ही हात कमरेवर ठेवले. "पाख फुटलेला होडका दिसता."

"उंदरान खाल्ल्यान म्हणान सांगा," गोदूबाईने सल्ला दिला.

"उंदीर खाता गो, रंगवना नाय!" रामचंद्र म्हणाला.

मितेश आला. बॅग ठेवली, पाणी प्यायला आणि सरळ कपाटाकडे गेला. खोकं उचललं तर ते हलकं लागलं. रामचंद्र दारात उभा राहून सुपारीच्या झाडांकडे असा बघत होता, जणू ती आजच उगवलीत.

"बाबा."

"फळीवर आसा," रामचंद्र झाडांनाच म्हणाला.

मितेशने विमान हातात घेतलं. उलटं केलं, सुलटं केलं. पंखावरून बोट फिरवलं. तो ओरडला असता तर बरं झालं असतं. ओरडण्याला उत्तर देता येतं. त्याने विमान टॉवेलात गुंडाळलं, कपाटावर ठेवलं आणि एवढंच म्हणाला, "आपून दोघा करूया म्हटललंय मां?"

बस. रेघांचं नावसुद्धा काढलं नाही. बांगड्याचं तिखलं केलं होतं, त्यातला अर्धा बांगडा मितेशच्या ताटात तसाच राहिला. पडवीवर चटई पसरून रामचंद्र संध्याकाळभर बसला, पण चटईवर दुसरं कोणी आलं नाही. आयुष्यात त्याने बांधलेल्या एकाही होडीने पाणी घेतलं नव्हतं आणि आता घरातच असं छिद्र पडलं की त्यावर लावायची पुट्टी त्याला ठाऊक नव्हती.

सकाळी कळशी घेऊन तो विहिरीवर गेला आणि जागच्या जागी थांबला. दगडी डोणीपाशी मितेश उकिडवा बसला होता. डोणीत पाणी काठोकाठ, आणि पाण्यात 'माऊली प्रसाद'. मितेशने एका बोटाने पंख दाबला. विमान खाली गेलं, बोट काढताच उसळी मारून सरळ उभं. त्याने दोन्ही हातांनी ते पाण्याखाली धरून ठेवलं आणि डोळे लावून बुडबुड्याची वाट पाहिली. बुडबुडा आला नाही. आडवं पाडलं. विमान डुलत डुलत पुन्हा नीट बसलं.

रामचंद्राची छाती फुगली, पण त्याने ती आवरली आणि खाकरला.

"पोटात काय घातलात?" मितेशने मागे न बघता विचारलं.

"जाळ्याचा शिसा. नायतर लवंडता."

"बाबा, ह्या अंतराळात जाता. थंय पाणी नाय."

"ठावक आसा माका. पण भुतूर तांडेल बसलो आसा, तो श्वास घेता मां? आतली हवा फटीतसून भायर गेली तर तो जगतलो? पाणी भुतूर येवचा नाय, हवा भायर जावची नाय. फट ती फटच!"

मितेशने विमानाची शेपटी पाण्यातच आपल्याकडे वळवली. गळती बंद करण्याचाच पगार घेणारा माणूस तो, हे त्याला पटणारच. पण इंजिनरूमचा गडी, एवढ्यावर सोडतोय थोडाच!

"बरां. मगे ही मागची दोन भोका कित्याक बुजवलात? इंजिनाचो धूर खंयसून जातलो?"

रामचंद्राने पाहिलं. डोळे बारीक केले. कळशी खाली ठेवली. त्याच्या होड्या वल्ह्यावर आणि शिडावर चाललेल्या. धूर हा विषय त्याच्या शाळेत नव्हताच.

"ता... ता माका सुचाक नाय," तो म्हणाला.

आणि मितेश जो हसत सुटला, तो ओल्या दगडावर फतकल मारून बसला तरी थांबेना. रामचंद्राला आधी राग आला, मग त्यालाही त्या बुजलेल्या विमानात धुराने खोकणारा मिशीवाला तांडेल दिसला, आणि बापलेक दोघे डोणीचा काठ धरून खिदळू लागले.

एवढ्यात गोदूबाई पाटी घेऊन आली. पाण्यातलं निळं प्रकरण पाहून तिने पाटी उतरवली.

"काय मेस्त्रीनू! होडी पाण्यात लोटलात आणि नारळ नाय, गाऱ्हाणा नाय?" आणि कोणाची वाट न बघता तिने हात जोडून दर्याला साकडं घातलं. "बा दर्याच्या राजा म्हाराजा! रामा मेस्त्रीन जा काय पाखाचा होडका केल्यान, ता वर जावंदे नायतर खाली जावंदे, तेका राखणदार हो रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" मितेश आणि रामचंद्र.

"आणि ह्येंच्या हातातलो पुट्टीचो डबो काढून घी रे म्हाराजा!" स्वयंपाकघराच्या दारातून यशोदा.

"व्हय म्हाराजा!" इथे मितेशचा आवाज सगळ्यांत मोठा.

जत्रा होईपर्यंत पडवीवर चटई पसरलेली होती. मितेशने फळ्यांच्या रेघांत पातळ काळा रंग सोडला, पोटाखाली शेवाळ रंगवलं, कडांना मिठाचा पांढरा फेस दिला. नव्याचं जुनं होत असताना रामचंद्र या खेपेला हूं की चूं बोलला नाही. उलट "शेवाळ इतक्या वर चढणा नाय, झिला, पाण्याची रेघ बघ" एवढंच सांगितलं, आणि मितेशने शेवाळ खाली घेतलं.

धुराची भोकं रामचंद्राने स्वतः मोकळी केली. पण आपल्या होडीत पाणी भरलेलं ज्याने कधी पाहिलं नाही, त्याला दोन भोकं उघडी टाकवतात कुठे? त्याने फणसाच्या लाकडाची दोन इवलीशी बुचं कोरली आणि हरवू नयेत म्हणून दोऱ्याने शेपटीला बांधली.

मितेशने कपाळावर हात मारला. "ही कित्याक, बाबा?"

"उडताना काढूची," रामचंद्र म्हणाला, "आणि दर्यात उतारलंस काय घालूची."