पोळ्याच्या करीचा पानगा

ये व, अशी जवळ येऊन बस. एक पाय उंबऱ्यात अन् एक पाय बाहेर ठेवून कोणी काही विचारते का? मागच्या खेपेले तू आली, चप्पलही काढली नाही, गाडी सुटन म्हणून जीव नुसता वर-खाली. अन् निघता निघता विचारलं, “आजी, पानग्याले काय काय लागते?” अशा गोष्टी उभ्यानं सांगायच्या असतात का, बाई? मी म्हटलं, जाऊ दे, लिहून ठेवते. माझं लिहिणं म्हणजे तुझ्या मामाच्या पाटीशेजारी बसून शिकलेलं. वेलांट्या इकडच्या तिकडं जातील, तू समजून घे. बोटं दुखतात म्हणून थांबत थांबत लिहून राह्यली.

तर पानग्याले काय लागते. खरं सांगू? घरात सारं असलं तर पानग्याची कोणाले आठवणच येत नाही. सारं असलं तर पुरण शिजते, पोळ्या लाटतात. काही नसलं, अन् तरी कोणाच्या पोटात काहीतरी घालायचंच असलं, तर जे हाताशी असन ते मळायचं, दोन पळसाच्या पानांमध्ये थापायचं अन् गोवरीच्या इंगळावर, म्हणजे निखाऱ्यावर, ठेवून द्यायचं. वरून पुन्हा थोडा इंगळ. पान काळं पडलं की आतलं भाजलं. एवढंच ते. पण एवढ्यानं तुले समजणार नाही, म्हणून माझ्या सासूच्या वेळचं सांगते.

लढाईचे दिवस होते ते. लढाई कुठं चालू होती ते आमाले ठाऊक नव्हतं, पण दुकानातलं रॉकेल, साखर अन् गहू सारे तिकडंच गेले असं म्हणत. आमचं गाव किन्हीराजाच्या अंगाले, नाल्याच्या अलीकडं. पावसाळ्यात काळ्या मातीत गाडीचं चाक एकदा रुतलं की बैलंही मान खाली घालत. मग कारंज्याचा बाजार काय अन् मुंबई काय, आमाले सारखंच. घरात माणसं तीनच. हे, म्हणजे तुझे आजोबा, मी अन् माझ्या सासूबाई. मी त्याइले आत्याबाई म्हणायची. माहेर त्याइचं रिठदचं, अन् बोलणं असं की समोरच्यानं आधी कान झाकावे.

त्या साली आत्याबाईले मुदतीचा ताप आला. सारा आषाढ त्या खाटल्यावर. ताप उतरला तेव्हा त्याइच्या अंगावर नुसतं लुगडं उरलं होतं, आत बाई नव्हती असं वाटे. वैद्यबुवा नाडी पाहून म्हणाले, “ताप गेला. आता पोटात अन्न जाऊ द्या. तापानं जे केलं नाही ते उपासानं होईल.” त्याइनं हे माझ्याकडं पाहून सांगितलं. घरात बाईमाणूस मी एकटीच ना.

अन् आत्याबाई खाईनात. सकाळी उठून मी दळायची, भाकरी थापायची, त्याइले एक घास द्यायची, त्या तोंड फिरवायच्या. मग मी निंदायले वावरात जायची. चिखलात उभं राहून राहून पायांच्या बोटांमध्ये चिखल्या झाल्या होत्या. चालताना जीव डोळ्यांत येई. दुपारी येऊन कण्या शिजवायच्या, ताक घालायचं. त्याही तशाच परत. संध्याकाळी पुन्हा चूल. किती दिवस असं चाललं, मोजले नाहीत. मोजायलेही डोकं ठिकाणावर लागते.

“भाकरीले घाण येते व,” त्या म्हणायच्या.

“कायची घाण, आत्याबाई? आत्ताच तं थापली.”

“पेवाची येते. तुले नाई येत?”

मले खरंच येत नव्हती. पेव म्हणजे जमिनीत खोदलेलं कोठार. ज्वारी त्यात साठवत. वरची, मधली ज्वारी चांगली राहते. पण भिंतीले लागून जी असते तिले ओल लागते, लाल पडते, अन् आंबूस कुबट वास येते. सुगीपर्यंत आमी सारे त्याच ज्वारीवर राह्यचो, तर नाकाले सवय झाली होती. तापातून उठलेल्या माणसाचं नाक मात्र नवंच असते. मले वाटे, ह्या रुसल्या, माझ्या हातचं नको म्हणून नखरे करून राह्यल्या. तुझे आजोबा ऐकून घेत अन् म्हणत, “दे ना थोडं गूळ लावून.” जसा काही गुळाचा डोंगर घरात होता.

मग पोळा आला. घरात गहू होते ते एका मडक्याच्या बुडाशी. मी मनात ठरवलं, बैलाले ज्वारीची भाकर देऊ अन् हे गहू आत्याबाईच्या शिऱ्याले ठेवू. तं ह्या खाटल्यावरून म्हणतात, “गहू दळले का बैलाच्या पोळीले?”

हे म्हणाले, “माय, तुह्या तोंडाकडं पाह्य जरा. बैलं काय, समजून घेतीन.”

“माह्या तोंडाकडं कायले पाह्यतं? सालभर मी ओढलं का वखर? बैलाच्या तोंडाकडं पाह्य.”

झालं. सारे गहू पोळीत गेले, पोळ्या बैलाच्या तोंडात गेल्या. प्रसाद म्हणून आत्याबाईच्या जिभेवर एक तुकडा ठेवला तर तो त्याइनं तसाच काढून हातात धरला. मग डोळे मिटून, माझ्याशी नाही, आढ्याशी बोलल्यासारखं म्हणाल्या, “रिठदले माही माय पानगे करे. पळसाच्या पानातले.”

एवढंच. पण इतक्या दिवसांत त्याइनं खायच्या गोष्टीचं नाव काढलं ते पहिल्यांदा. मले वाटलं, हे जर आज-उद्या केलं नाही तर ही बाई पुन्हा काही मागणार नाही.

दुसऱ्या दिवशी कर. पोळ्याच्या दुसऱ्या दिवसाले आमी कर म्हणतो. मी अंधारातच उठली. ज्वारी तव्यावर भाजली. लाह्या फुटतील वाटलं होतं, पण ओलीची ज्वारी, फुटते कुठं! नुसती तडतडली. पण वास मात्र गेला. भाजल्यावर जो खमंग वास सुटला ना, तेव्हा मले पहिल्यांदा समजलं की आधी किती घाण येत होती. दळली. आता भाजलेल्या ज्वारीचं पीठ म्हणजे नुसती राख. पाणी टाकलं तर धरत नाही. तेव्हा गोठ्यावरच्या वेलाचं कोहळं आठवलं, तुमच्या शहरातला लाल भोपळा. ते शिजवून कोमटच पिठात कुस्करलं. गुळाचं मडकं रिकामं होतं, पण त्याच्या काठाले गूळ चिकटला होता. मडक्यात ऊन पाणी फिरवून ते गोड पाणी घेतलं. मीठ, चार तीळ, जवसाच्या तेलाचा हात. गोळा झाला! मऊ, पिवळा, हाताले न चिकटणारा. मले स्वतःलेच खरं वाटंना.

राह्यली पळसाची पानं. गावाजवळचे पळस पोळ्यासाठी सारे ओरबाडलेले. उरलेले नाल्याच्या पलीकडं. पाऊस रपरप पडून राह्यला, अन् माझे पाय असे. उंबऱ्यात उभी राह्यली तर काय दिसलं? दाराच्या दोन्ही बाजूले हिरव्यागार पळसाच्या डहाळ्या! पोळ्याले आपल्याकडं दारात उभ्या करतात त्या. मी हात वर केला अन् पानं खुडली. मनात दुसरं काहीच आलं नाही. झोप नसली की माणूस डोळ्यांनी पाहते, डोक्यानं नाही.

गोवऱ्या ओलसर होत्या, धूर धूर झाला. पण पानगे झाले. कसे का असेना, झाले. वरचं पान सोलून गरम गरम पानगा आत्याबाईच्या हातात दिला. त्याइनं नाकाशी नेला. तोंड फिरवलं नाही! अजून एकदा वास घेतला. अन् तोंडात घालणार, तेवढ्यात बाहेर गल्लीतली पोरं आली. करीच्या सकाळी पोरं दारोदारच्या डहाळ्या उपटून गोळा करतात, “खोकला घेऊन जा, खरूज घेऊन जा, ताप घेऊन जा” असं ओरडत गावाबाहेर नेऊन टाकतात. सालभराची घरातली रोगराई त्या पानांवर बसते अन् पानांसंगं जाते, असं आपल्याकडं मानतात.

पोरांमागं शेजारची काकू आली होती. तिचा आवाज खणखणीत. “काव सूनबाई, तुमच्या डहाळ्याइले पानच नाई! शेळीनं खाल्ले काय?”

मी घाबरून म्हटलं, “हो ना काकू, शेळीच असन.”

आतून आत्याबाईचा आवाज आला. बारीक, पण आला. “आपल्या घरी तं शेळी नाई.”

मी मागं वळून पाह्यलं. त्या एकदा हातातल्या पानाकडं पाहत होत्या, एकदा माझ्याकडं.

“पोरी, घरातला ताप त्या पानाईवर बसला, अन् तू त्याच पानात भाजून मलेच चारून राह्यली?”

मी तिथंच उंबऱ्यावर बसली. रडूही आलं नाही. रडायलेही अंगात काही लागते ना. काकू पदर तोंडात धरून हसून राह्यली होती.

“बसली काय? टाक ते पोराईच्या टोपल्यात!”

पानगे गेले. माझं दळण, माझं कोहळं, माझ्या मडक्याचा शेवटचा गूळ, सारं “ताप घेऊन जा” करत गावाबाहेर गेलं. हे गोठ्यातून आले अन् म्हणाले, “जाऊ दे, उद्या पाहू.”

“उद्या कायले?” आत्याबाई म्हणाल्या. मग माझ्याकडं न पाहता, “पीठ सरलं का सारं?”

“आहे थोडं.”

“मंग जाय ना नाल्यावर.”

मी गेली. रागानं गेली, खोटं कायले सांगू. नाल्यातलं गढूळ पाणी पोटऱ्याले लागून राह्यलं, चिखल्या झोंबून राह्यल्या, अन् मी मोठ्यानं त्याइले बोलत होती. पावसात ऐकते कोण. पानं पदरात घेऊन परत आली तर खाटलं रिकामं.

मी तशीच ओल्या पायांनी आत धावली.

आत्याबाई चुलीपाशी होत्या. भिंत धरत धरत, बसत बसत, कशा आल्या त्या त्याइलेच ठाऊक. फुंकणी हातात, तोंड लाल, धाप लागलेली.

“सर तिकडं. पानगे म्हणे करते! जाळावर पानगे होतात का? इंगळ लागते, इंगळ. मले वाटलंच, धूर पाहून वाटलंच. तुह्या मायनं शिकवलं काय तुले?”

“आत्याबाई, तुमी पडा, मी करते.”

“तू करशीन, अन् मंग पुन्हा शेळी येईन.”

त्याइनंच थापले. मले हात लावू दिला नाही. एक फुटला तर माझ्यावर ओरडल्या, जसा मीच फोडला. मी पाट्याशेजारी भिंतीले टेकली. ओलं लुगडं तसंच अंगावर. चुलीची ऊब लागली, अन् त्याइची कटकट कानात चालू असतानाच मले झोप लागली.

जागी झाली ती खांद्याले काहीतरी टोचलं म्हणून. आत्याबाई फुंकणीनं ढोसून राह्यल्या होत्या. त्याइच्यासमोर एक पान रिकामं होतं. चाटूनपुसून रिकामं. दुसऱ्या पानावर अर्धा पानगा.

“हा जळाला. मले नाई जात. खाऊन टाक, फेकू नको.”

मी पाह्यलं. कुठंच जळाला नव्हता. साऱ्यांत चांगला भाजलेला तोच होता. मी पान जवळ ओढलं. खाल्ला. गोड कमी होता, पण गरम होता, अन् कोणीतरी दुसऱ्यानं केलेला होता. लग्न झाल्यापासून असं आयतं मी काही खाल्लं असन असं मले आठवत नव्हतं.

नवी ज्वारी येईपर्यंत आमी असेच काही ना काही जमवत राह्यलो. कधी कोहळं, कधी पिकलेलं वाळूक, कधी नुसतं ताकात भिजवलेलं पीठ. आत्याबाई चुलीपाशी येऊन बसत, चुका काढत अन् खात. पुढं लय वर्षं जगल्या. अन् घरी पाहुणा आला की हमखास सांगत, “आमच्या घरी एक शेळी हाय बरं, दारची पानं खाते.” पाहुणा गोठ्याकडं पाहे, मी भिंतीकडं.

आता माझं ऐक. यंदा मले ताप येऊन गेला, तुझ्या आईनं सांगितलंच असन. ताप गेला, पण तोंडाची चव आली नाही. सारं मातीसारखं लागते. तुझी मामी बिचारी काय काय करते. परवा गॅसवर, तव्यात पानगा केला, केळीच्या पानात. दिसायले सुरेख. मी एक घास घेतला अन् ताट सरकवलं. तिनं ताट उचलून नेलं. तिचं तोंड पाह्यलं मी. दमलेलं होतं. ते तोंड मी ओळखते, बाई. तसंच तोंड घेऊन मी कितीतरी दिवस निंदायले गेली होती.

म्हणून म्हणते, पानग्याले काय लागते ते कागदावर शिकू नको. गोठ्यावर औंदाही वेल आहे, कोहळं पिवळं पडून राह्यलं. नाल्याच्या पलीकडं आता सडक झाली, पण दोन पळस अजून उभे आहेत. येताना उतरून पानं घेऊन ये. दारची नको, समजलं? अंगणात गोवऱ्या मी मांडायले सांगून ठेवते. तू विस्तव लाव, जसा येईन तसा लाव, धूर कर, जाळ कर, पानगे फोड. तुझ्या मामीवर मले ओरडता येत नाही, ती मनाले लावून घेते. तू काही मनाले लावून घेणारी नाहीस. तुझं चुकलेलं पाहून मी या खाटल्यावरून उठीन असं मले वाटते.

चप्पल काढून, मुक्कामाले ये. लवकर ये.